रिपोर्ट कोणाला दिसतो? वऱ्हाडच्या दप्तरापासून मोबाईलवरच्या सातबाऱ्यापर्यंत

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा बसमध्ये बसून वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. सीआरएम सॉफ्टवेअरमधले रिपोर्ट कसे बनवायचे आणि ते कोणाला दिसू द्यायचे. सीआरएम म्हणजे ग्राहकांची सगळी माहिती एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. नाव, मोबाईल, गाव, काय घेतलं, किती थकलंय, शेवटचं बोलणं कधी झालं, सगळं त्यात. माझं रोजचं काम याच्याशीच संबंधित आहे. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, म्हणून मी तुम्हाला कॅलिफोर्नियाला नेणार नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच फिरवणार आहे. कारण 'कोण लिहिणार, कोण वाचणार आणि कोण बदलणार' हे तीन प्रश्न सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेले नाहीत. आपल्या गावच्या चावडीत ते शेकडो वर्षांपासून आहेत. आणि त्यांची उत्तरं चुकली, तेव्हा माणसांची वावरं गेली आहेत.

पाटील, कुलकर्णी आणि रुमालात बांधलेलं दप्तर

इंग्रजांच्या आधीचं वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. गावात दोन वतनदार. पाटील वसूल करायचा, कुलकर्णी लिहायचा. त्याच्या वर परगण्यात पुन्हा तीच जोडी. देशमुख वसुलीवर लक्ष ठेवणार, देशपांडे हिशोब ठेवणार. सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे होती. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव, त्याच घराण्यातले.

ही रचना इंजिनिअरच्या नजरेनं बघा. पैसे ज्याच्या हातात येतात त्याच्या हातात वही नाही. वही ज्याच्या हातात आहे तो वसुली करत नाही. आज बँकेत एक जण एंट्री टाकतो आणि दुसरा मंजूर करतो, त्यामागे हाच विचार आहे. आणि गावचा हिशोब परगण्याच्या हिशोबाशी ताडून बघता यायचा. म्हणजे खालच्या आकड्यावर वरून तपासणीही होती.

पण एक मोठं भोक होतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्या कास्तकारालाच ते वाचता येत नव्हतं. कागद मोडीत, वही कुलकर्ण्याच्या घरी, रुमालात बांधलेली. वतन वंशपरंपरेनं, म्हणजे लिहिणारा बदलायचाही नाही. बापानंतर मुलगा. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्णी आणि कामगारवर्गावर एवढा राग का काढलाय, ते इथं कळतं. दप्तर सुरक्षित होतं, पण कोणापासून? चोरापासून होतंच, आणि मालकापासूनही होतं.

१८५३ : कर्ज निजामाचं, मोजणी वऱ्हाडाची

१८५३ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनीत तह झाला. निजामाकडे कंपनीच्या फौजेचा खर्च थकला होता, त्याच्या बदल्यात वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेलं. मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा. सरकारी कागदांत याला 'हैदराबाद असाईन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणायचे. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले.

नव्या कारभाऱ्याला पहिली गरज काय? रिपोर्टची. जमीन किती, कोणाकडे, आकार किती. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूरकडून जी मोजणीची पद्धत सुरू केली होती, तीच वऱ्हाडात आणली गेली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार. तुमच्या आजच्या सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा रकाना आहे ना, रुपये-पैशांत अगदी किरकोळ आकडा लिहिलेला? त्याचं मूळ या मोजणीत आहे.

१८६७ साली वऱ्हाडची जनगणना झाली, म्हणजे देशभरातल्या पहिल्या शिरगणतीच्याही आधी. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मोठ्या साहेबासाठी बनवलेला डॅशबोर्ड.

कुलकर्ण्याचं पद इथं 'पटवारी' नावानं रुळलं. आमच्याकडे आजही म्हातारी माणसं तलाठ्याला पटवारीच म्हणतात. १९०० साली तर 'बेरार पटेल आणि पटवारी कायदा' असा स्वतंत्र कायदाच झाला. मोजणी इंग्रजी पद्धतीची, पण वही लिहिणारा हात वंशपरंपरेचाच राहिला. सॉफ्टवेअर नवीन, युजर जुना.

खामगावचा कापूस आणि वर जाणारा आकडा

१८७० हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. का? कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरच्या गिरण्यांना धडा शिकवला होता की एकाच देशावर अवलंबून राहू नये. त्याच १८७० साली मुंबईहून समुद्राखालच्या तारेनं लंडनशी संपर्क सुरू झाला. इंग्रज सरकारनं तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा खास कमिशनरच नेमला होता, हॅरी रिव्हेट-कारनॅक. पेरा किती, पीक कसं, गठाणी किती, याचे अहवाल लिहिले जात होते.

म्हणजे खामगावच्या बाजारातली माहिती आता सातासमुद्रापार झपाट्यानं पोचू शकत होती. आणि ज्याच्या गाडीत कापूस होता, त्याला? त्याला अडत्या जो सांगेल तो भाव.

रिपोर्टबद्दल मी जेव्हा जेव्हा कोणाला शिकवतो, तेव्हा हे उदाहरण डोक्यात असतं. सगळी माहिती खालून गोळा होते आणि वर जाते. खाली परत काय येतं, हे फार कमी लोक विचारतात. वऱ्हाडात त्याचं थोडंफार उत्तर १८९७ साली मिळालं. 'बेरार कापूस आणि धान्य बाजार कायदा'. बाजार समिती, अडत्या-मापाऱ्यांना परवाने, ठरवून दिलेल्या जागी उघडा व्यवहार. त्याआधी १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झालाच होता. आजच्या बाजार समित्यांची पाळंमुळं आपल्या वऱ्हाडात आहेत. भाव चारचौघांसमोर ठरला की तो लपवणं अवघड जातं. सुरक्षा म्हणजे प्रत्येक वेळी कुलूपच असतं असं नाही.

सुप्याची होळी

आता थोडं वऱ्हाडाबाहेर. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. खतं, रोखे, वह्या यांच्यावर होता. कागद काढून घ्यायचे आणि जाळायचे. जिथं सावकारानं कागद देऊन टाकले, तिथं बहुतेक वेळा मारहाण झाली नाही.

याला आपण डेटा डिलीट करण्याची चळवळ म्हणू शकतो, पण हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसांना स्वतःच्या कर्जाचा हिशोब बघायला मिळत नव्हता. किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती लावलं, सगळं सावकाराच्या वहीत. कोर्टात गेलं की ती वहीच पुरावा.

यातून १८७९ चा 'दख्खन शेतकरी मदत कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तरतुदी आजही एखाद्या सॉफ्टवेअरच्या नियमावलीत शोभतील. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, एकट्या सावकारानं नाही. पैसे दिले की शेतकऱ्याला पावती मिळालीच पाहिजे. वर्षाचा हिशोब मागण्याचा त्याला हक्क. पासबुकात नोंद करून मागण्याचाही हक्क. आज तुम्ही बँकेच्या अॅपवर स्टेटमेंट उतरवून घेता, त्याच्या मागे कोणाच्या तरी रागाचा इतिहास आहे.

तलाठी लिहितो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो

पुढे १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्र झाला. महसुली पाटलांची वंशपरंपरागत पदं १९६२ च्या कायद्यानं गेली. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला आणि साऱ्या राज्याला एकच कायदा मिळाला.

या कायद्याचं कलम १५० हे माझं आवडतं कलम आहे. खरंच सांगतो, अॅक्सेस कंट्रोल शिकायचं असेल तर आधी हे वाचा. जमीन विकली, वारसा आला, वाटणी झाली, की तलाठी फेरफार रजिस्टरला नोंद घेतो. म्हणजे गाव नमुना ६. पण ती नोंद लगेच पक्की होत नाही. तिची प्रत चावडीत लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची. कोणी हरकत घेतली तर ती तोंडी हवेत सोडायची नाही. विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत घ्यायची. सगळं झाल्यावर नोंद प्रमाणित करणार तलाठ्याच्या वरचा अधिकारी, बहुतेक वेळा मंडळ अधिकारी. मग ती सातबाऱ्यावर येणार.

नमुना ७ म्हणजे हक्क, नमुना १२ म्हणजे पिकं. दोन्ही मिळून सातबारा. कलम १५७ म्हणतं की या नोंदी खोट्या ठरेपर्यंत खऱ्या मानायच्या. म्हणून नोंदीची किंमत एवढी मोठी. नवरा गेल्यावर वारसाच्या फेरफारात बायकोचं नाव लागलं नाही, तर तिला पीककर्ज मिळवताना, विमा मागताना, अनुदान घेताना दर वेळी दुसऱ्याच्या सहीसाठी थांबावं लागतं. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यात बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात एका रकान्यातलं एक नाव ही कारकुनी गोष्ट राहत नाही.

कागद गेला, प्रश्न राहिला

जमिनीच्या कागदांचं संगणकीकरण केंद्र सरकारनं १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत करून पाहिलं. महाराष्ट्रातून निवड झाली वर्धा जिल्ह्याची. नंतर राज्यभर काम झालं, पण हातानं लिहिलेली कोट्यवधी अक्षरं टाईप करताना चुका होणारच. नाव चुकतं, क्षेत्रातला दशांश सरकतो, इतर हक्कातला बोजा राहून जातो.

त्यावर काय उपाय केला असेल? २०१७ साली चावडी वाचन. संगणकावरचे सातबारे छापून गावात लोकांसमोर मोठ्यानं वाचायचे आणि हरकती घ्यायच्या. एवढे सर्व्हर, एवढे प्रोग्राम, आणि चूक पकडायला शेवटी गावातला म्हातारा लागला, जो म्हणाला, "अरे, तो धुरा आमचा नाही, सखारामचा आहे." हे वाक्य माझं काल्पनिक आहे, पण अशी हरकत घ्यायची सोय खरीच होती.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ रुपये भरायचे आणि मोबाईलवर उतरवून घ्यायचा. साधा सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, पण सरकारी कामाला सहीचा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. नमुना १२ मधलं पीक आता कास्तकार स्वतः फोटो काढून नोंदवतो. कुलकर्ण्याच्या रुमालापासून इथपर्यंतचा प्रवास बघा. ज्याच्याबद्दल माहिती आहे, त्याला पहिल्यांदा वाचायला मिळालं, आणि मग एका रकान्यापुरतं लिहायलाही.

याद्यांची गोष्टही सांगतो. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाईन अर्ज घेतले, पण अर्जातली माहिती आणि बँकांची माहिती जुळेना. याद्या पुन्हापुन्हा तपासाव्या लागल्या, पैसे अडकले. म्हणजे रिपोर्टचा फिल्टर चुकला की ज्याला हक्क आहे तोच यादीबाहेर राहतो. रिपोर्ट सुरक्षित असणं आणि बरोबर असणं, दोन्ही लागतं.

आता तुमच्या दुकानाचा रिपोर्ट

सीआरएमची कंपन्यांच्या जगातली गोष्ट त्या मानानं लहान आहे. सीबेल कंपनी १९९३ ची, सेल्सफोर्स १९९९ ची, मायक्रोसॉफ्टचं सीआरएम २००३ चं. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत वाचण्याच्या पायऱ्या असतात. फक्त स्वतःच्या नोंदी, स्वतःच्या विभागाच्या, विभाग आणि त्याखालच्या, किंवा साऱ्या संस्थेच्या. साझा, मंडळ, तालुका, जिल्हा! बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांच्या महसूल कचेरीत काम केलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळेल.

समजा, खामगावात एक कृषी सेवा केंद्र आहे. मेहकर आणि चिखलीला शाखा. मालकानं सीआरएम घेतलं आणि पहिला रिपोर्ट बनवला : उधारीची यादी. नाव, गाव, मोबाईल, थकबाकी. हा रिपोर्ट म्हणजे त्या भागातल्या हजार घरांची अब्रू आहे. तो भलत्या हातात गेला तर काय होईल? सावकाराला कळेल कोण अडचणीत आहे. फसवणूक करणारा फोन करून म्हणेल, "तुमची एवढी बाकी आहे, या लिंकवर भरा." आकडा बरोबर असल्यामुळे माणूस विश्वास ठेवेल. लग्न जमवायला आलेला पाहुणाही विचारून जाईल.

म्हणून पाच गोष्टी बघा.

पहिली. रिपोर्ट उघडायची परवानगी आणि आतल्या नोंदी बघायची परवानगी या वेगळ्या असतात. सेल्सफोर्समध्ये साधा रिपोर्ट उघडणाऱ्याला त्याच्या हक्कातल्याच नोंदी दाखवतो. पण डॅशबोर्ड एका ठरवलेल्या युजरच्या नजरेनं चालवता येतो. तो युजर मालक असेल, तर मेहकरच्या पोराला मालकाच्या नजरेतले आकडे दिसतात. डॅशबोर्ड बनवला की आधी विचारा, हा कोणाच्या डोळ्यांनी बघतोय?

दुसरी. बेरजेच्या मागे माणूस लपतो, पण नेहमी नाही. 'गावनिहाय थकबाकी' हा रिपोर्ट निरुपद्रवी वाटतो. पण एखाद्या गावात तुमचा एकच ग्राहक असेल, तर गावाची बेरीज म्हणजे त्याचीच उधारी. नाव नसलं तरी सगळ्यांना कळतं.

तिसरी. एक्सेलमध्ये उतरवून घेण्याची परवानगी वेगळी ठेवा. सॉफ्टवेअरमधली सगळी कुलपं फाईल बाहेर पडेपर्यंतच असतात. व्हॉट्सअॅपवर गेलेली फाईल परत येत नाही.

चौथी. दर सोमवारी आपोआप ईमेलवर जाणारे रिपोर्ट तपासा. दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला माणूस अजून यादीत असतो. वतन गेलं, पण दप्तर त्याच्याच घरी!

पाचवी. कलम १५० लावा. थकबाकी बदलणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि जुनी किंमत, नवी किंमत, तारीख, नाव यांची नोंद. आणि ग्राहकानं "माझा हिशोब दाखवा" म्हटलं तर तो लगेच दाखवता आला पाहिजे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला जे मिळालं, ते २१ व्या शतकातल्या कास्तकाराला तुमच्या दुकानात न मिळणं बरं दिसत नाही. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. स्वतःबद्दलची माहिती बघण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात मांडला आहे.

बरेच जण मला म्हणतात, "आपलं छोटं दुकान, कोण बघतंय?" गावचा कुलकर्णीही छोटाच होता. त्याच्या वहीनं वावराचे मालक ठरवले.

आज एक काम करा. घरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ मोबाईलवर काढा आणि आईसोबत बसून मोठ्यानं वाचा. नावं, क्षेत्र, इतर हक्क, पीक. आईचं नाव जिथं असायला हवं तिथं आहे का ते बघा. काही चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज तलाठी कार्यालयात द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या गावच्या जुन्या दप्तराची, मोडी कागदांची काही गोष्ट असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. आपण त्यावर नक्की बोलू.